मुंजीचा रकाना

चंद्रशेखर मिशिगनमधल्या ट्रॉयहून दोन सुटकेसा घेऊन आला. एकीत त्याचे कपडे होते. दुसरी रिकामी होती.

गाडीच्या डिकीतून दुसरी उचलताना पुरुषोत्तमने होती नव्हती ती सगळी ताकद लावली आणि सुटकेससकट हिरवळीवर बसला.

"अरे, हिच्यात काहीच नाही!"

"माहितीये, दादा. आईचं सामान भरायला आणलीये."

वसुधा दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. दिराने पाणी प्यायच्या आधीच विषय काढला याचं तिला वाईट वाटलं, आणि नवरा अजून हिरवळीवरून उठत नाही याचं जास्त.

"भावजी, आत तरी या," ती म्हणाली. "सुटकेसलाही आणा. बाहेर ऊन आहे."

तारीख होती चोवीस जुलै, साल चौऱ्याऐंशी. सॉल्ट लेक सिटीत सुट्टी होती. एकशे सदतीस वर्षांपूर्वी याच दिवशी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा तांडा डोंगर ओलांडून या खोऱ्यात उतरला, म्हणून दरवर्षी या दिवशी शहर जुने कपडे घालून मिरवणुकीला जायचं. समोरच्या फुटपाथवरून कोपऱ्यावरचे डेंटिस्ट हातगाडी ओढत चालले होते. गाडीत त्यांची सासू होती. दोघंही गंभीर होते.

चंद्रशेखरने ते पाहिलं आणि आपण वेळेत आलो याची त्याला खात्री पटली. मिशिगनमध्ये तो मोटारींचे ब्रेक डिझाइन करायचा. त्यामुळे कुठलीही गोष्ट चालू दिसली की ती थांबवावी, असं त्याला आतून वाटायचं.

"आई कुठाय?"

"तळघरात. गहू निवडतायत."

"गहू? अमेरिकेत?"

"चारशे पौंड आहेत," वसुधा म्हणाली. "चहा ठेवू?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने खिशातून पत्राची झेरॉक्स काढली. ती पुरुषोत्तमनेच त्याला पाठवली होती, वर 'बघ, इथे किती बारकाईने वाचतात' असं लिहून. भावाला कौतुक वाटेल अशी त्याची कल्पना होती. मोठ्याने वाचून दाखवायची काही गरज नव्हती, कारण टेबलाभोवतीच्या सगळ्यांना पत्र पाठ होतं. चंद्रशेखरने तरी वाचलंच.

"'प्रिय ब्रदर उकिडवे, आपल्या घराण्याच्या अकरा पिढ्यांचे तक्ते मिळाले. इतके स्वच्छ तक्ते आम्ही क्वचितच पाहतो. एक छोटी शंका आहे. आपले मूळपुरुष विष्णुभट यांचा बाप्तिस्मा सतराशे एकतीस साली झाल्याचं आपण नोंदवलं आहे. आमच्या चर्चची स्थापना अठराशे तीसची आहे. मधल्या शंभर वर्षांबद्दल आपल्याकडे काही कागदपत्रं असल्यास ती पाहायला आम्हाला फार आवडेल.' दादा! शंभर वर्षं! त्यांचं चर्च निघायच्या शंभर वर्षं आधी आपण बाटलोय!"

"नव्व्याण्णव," पुरुषोत्तम म्हणाला.

झालं होतं ते असं. पुरुषोत्तम गेली नऊ वर्षं उकिडव्यांचा कुलवृत्तांत लिहीत होता. दिवसा तो तांब्याच्या खाणीत दगड तपासायचा आणि उरलेल्या वेळात पूर्वज. त्याने चारशे पत्रं लिहिली, नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्या उतरवून आणवल्या. आणि मग शेजारच्या लारू ख्रिस्टेन्सनबाई त्याला त्यांच्या चर्चच्या वंशावळींच्या लायब्ररीत घेऊन गेल्या. तिथे शेकडो माणसं मशीनपुढे वाकून आपापले खापरपणजोबा शोधत होती. अमेरिकेत आल्यापासून पुरुषोत्तमला पहिल्यांदाच असा समाज भेटला, की ज्याला आपण पणजोबांचं नाव सांगितलं तर तो घड्याळाकडे न बघता त्यांच्या वडिलांचं विचारतो. आपण आपल्या माणसांत आलो, असं वाटून तो त्या दिवशी पार्किंगमध्ये थोडा रडलाही होता.

आपले तक्ते तिथे फिल्मवर घेतील, डोंगरात खोदलेल्या कोठारात ठेवतील, हजार वर्षं टिकतील, हे कळल्यावर त्याने फॉर्म आणले. जन्म, विवाह, मृत्यू. उजवीकडे आणखी एक रकाना होता: बाप्तिस्मा. पुरुषोत्तम इंजिनियर होता. रिकामा रकाना त्याला उघड्या गटारासारखा वाटायचा.

"हे कितव्या वर्षी करतात?" त्याने लारूबाईंना कुंपणावरून विचारलं होतं.

"आठव्या," लारूबाई म्हणाल्या. "पांढरे कपडे घालून. मग सगळे नातेवाईक जेवायला."

"आठव्या वर्षी? पांढरं नेसून? आणि जेवण?" पुरुषोत्तमला भरून आलं. "आमच्यातही!"

आणि त्याने अकरा पिढ्यांच्या मुंजी त्या रकान्यात भरून टाकल्या. तारीख माहीत होती तिथे तारीख. नव्हती तिथे जन्मसाल अधिक आठ.

"मला वाटलं, तेच त्यांचं ते आपलं हे," तो आता म्हणाला.

"तुला वाटलं! आणि मी ट्रॉयच्या मंडळात काय सांगू? गणपतीत माझं भाषण आहे, दादा. विषय आहे 'परदेशात संस्कार कसे जपावेत'. आणि इथे आई या लोकांत बसून गहू निवडतेय. उद्या तिचंही नाव कुठल्या तरी रकान्यात घालशील. मी तिला परवा घेऊन जातोय. तिकीट काढलंय."

पुरुषोत्तमने कप खाली ठेवला. आई सात वर्षं या घरात होती. ती नसलेलं घर त्याला आठवेना. तशी घरं त्याने फक्त नकाशात पाहिली होती.

"मी दुरुस्त करतो," तो घाईने म्हणाला. "व्हाइटनर लावतो. बाप्तिस्मा जाईल. मग तर नेणार नाहीस ना?"

"आधी लाव. मग बघू."

पुरुषोत्तमची मुलगी मृणालिनी तेवढ्यात कॉर्नफ्लेक्सचा बाउल घेऊन येऊन बसली होती. ती एकोणीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत इतिहास शिकायची आणि उन्हाळ्यात त्याच लायब्ररीत फिल्मची रिळं गुंडाळायची.

"चंदूकाका, वन सेकंद. ते पुसलं की रकाना ब्लँक होईल."

"व्हायलाच पाहिजे!"

"नो, पण ब्लँक म्हणजे 'अजून व्हायचाय'. ज्यांचा झालेला नाही, त्यांचा करता येतो. मेल्यावरसुद्धा. कोणीतरी जिवंत माणूस त्यांच्या नावाने पाण्यात उतरतो."

"आणि रकाना भरलेला असला तर?"

"मग झालाय. परत कोण कशाला करेल?"

बाहेरून बँडचा आवाज येत होता. पुरुषोत्तमने व्हाइटनरचं झाकण उघडलं होतं.

"दादा," चंद्रशेखर हळू आवाजात म्हणाला, "ती बाटली खाली ठेव."

"का?"

"राहू दे तसंच. झालाय तर झालाय. विष्णुभटांचा झालाय, सगळ्यांचा झालाय. कोणी हात लावायचा नाही."

"अरे, पण ते खोटं आहे! आपले पूर्वज मॉर्मन नव्हते!"

"राहू देत ना मॉर्मन! सुरक्षित आहेत!"

धर्मरक्षणासाठी दीड हजार मैल आलेला माणूस अख्खं घराणं मॉर्मन ठेवायला सांगतोय आणि ज्याने ते मॉर्मन केलं तो इतिहासाची शपथ घेऊन विरोध करतोय, हे वसुधाच्या लक्षात आलं. तिने लग्नानंतर सत्तावीस वर्षांत दोघा भावांची बरीच भांडणं पाहिली होती. मध्येच बाजू बदलून त्याच आवाजात चालू राहिलेलं हे पहिलं.

"भावजींचं बरोबर आहे," ती म्हणाली. तिला फक्त रिकामी सुटकेस रिकामीच परत जायला हवी होती. त्यासाठी अकरा पिढ्या गेल्या तरी तिची हरकत नव्हती.

"मॉम! यू कान्ट फेक हिस्टरी," मृणालिनी म्हणाली. "मी बाबांच्या बाजूला."

"हिस्टरी!" चंद्रशेखर उसळला. "तुझ्या बाबांनी सत्तावन्नच्या रघुनाथरावांवर काय लिहिलंय? एक वाक्य! पान भरून लिहायला हवं. तलवार घेऊन लढला आपला माणूस!"

"पुरावा नाही," पुरुषोत्तम म्हणाला. "तरी मी लिहिलंय, 'सत्तावन्नच्या रणधुमाळीत काही काळ भूमिगत होते.'"

एवढ्यात मागचं दार वाजलं आणि अठराशे सत्तेचाळीस सालची टोपी आत आली.

टोपीखाली लारूबाई होत्या. वय एकाहत्तर, पायघोळ झगा, हातात हिरव्या जेलोचं भांडं. जेलोच्या आत किसलेलं गाजर अडकलं होतं. दरवर्षी चोवीस जुलैला त्या ते आणायच्या. त्यात प्राण्यांच्या हाडांपासूनचं जिलेटिन असल्यामुळे घरात कोणी खायचं नाही. वसुधा ते मागच्या दाराने घ्यायची आणि पुढच्या दाराने कोपऱ्यावरच्या डेंटिस्टांकडे पोचवायची. त्या रस्त्यावर वसुधाच्या जेलोला तोड नाही, असं डेंटिस्टांचं मत होतं.

त्यांच्या मागोमाग तळघराच्या जिन्यातून शरयूआजी वर आल्या. नऊवारीला कोंडा लागला होता. आल्या आल्या त्यांनी लारूबाईंकडे बघून कप उचलल्याची खूण केली.

"चहा?"

"नो, थँक यू, शरयू."

लारूबाईंच्या धर्मात चहा चालत नाही. आजी गेली सात वर्षं रोज विचारत होत्या, लारूबाई रोज नको म्हणत होत्या, आणि दोघींनाही यात काही बदल करावासा वाटला नव्हता. तेवढे दोन शब्द सोडले तर एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती. त्यांची मैत्री धान्यावर होती. लारूबाईंच्या लोकांनी घरात वर्षाचं धान्य भरून ठेवायचं असतं. अमेरिकेत येऊन आजी पहिल्या महिन्यात फ्रीज उघडून उदास व्हायच्या, पण लारूबाईंचं तळघर पाहिलं आणि त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "चला, इथे माणसं राहतात." मग याही घरात डबे आले. आजी गव्हाला एरंडेल लावायच्या, लारूबाई डब्यात कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आइस, घालून झाकण मारायच्या. कुणाच्या गव्हाला आधी किडे होतात, याची सात वर्षं चुरस चालू होती. अजून कोणीच हरलं नव्हतं.

"चंदू, आलास? वाळलायस," आजी म्हणाल्या. मग त्यांना सुटकेस दिसली. ती उचलून त्यांनी पुन्हा खाली ठेवली. "रिकामी का रे?"

मृणालिनीने लारूबाईंना सगळं इंग्रजीत सांगितलं आणि मग आजींना सगळं मराठीत सांगितलं. इंग्रजी हकीकत दोन मिनिटांत संपली. मराठीला दहा लागली, कारण प्रत्येक वाक्याला दोघंही भाऊ दुरुस्ती सुचवत होते.

लारूबाईंनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"ब्रदर उकिडवे, ती माणसं तुमची आहेत. तुम्ही सांगितल्याशिवाय मी कुणाचंही नाव देवळात पाठवणार नाही. हा माझा शब्द." त्या थांबल्या. "पण मी एकाहत्तरची आहे. माझ्यानंतर कोणी फिल्मवरून नाव उचललं, तर मला अडवता येणार नाही. खोटं कशाला बोलू?"

"बघा!" चंद्रशेखर म्हणाला. "म्हणून म्हणतो, ठेवा भरलेलं."

"तसं नका ठेवू," लारूबाई म्हणाल्या. "चुकीचं लिहायचं नाही. आमच्या घरातही हेच भांडण झालं होतं. अठराशे सत्तावन्नमध्ये वॉशिंग्टनने आमच्यावर फौज पाठवली."

"सत्तावन्न?" दोघं भाऊ एकदम म्हणाले.

"हो. फौज पोचायला पुढचा उन्हाळा उजाडला. शहर रिकामं करून सगळे दक्षिणेला गेले. घराघरांत गवत भरून ठेवलं होतं. फौज राहायला लागली, तर पेटवून द्यायचं. माझे पणजोबा काडी हातात घेऊन दाराशी थांबले. फौज आली, शहरातून सरळ चालत गेली, लांब जाऊन तळ ठोकला. संपलं युद्ध. माझ्या काकांनी पुस्तकात लिहिलं, 'त्यांनी शत्रूला रोखलं.' माझ्या आईने ते खोडायला लावलं. तिने लिहिलं, 'त्यांनी गवत बाहेर काढलं. दोन दिवस लागले.'"

"आणि काडी?" पुरुषोत्तमने विचारलं.

"काडी परत पेटीत ठेवली. चांगली होती."

मृणालिनीने हे आजींना सांगितलं. आजींना ते फार आवडलं.

"आमच्याही रघुनाथरावांचं तसंच," त्या खुर्ची ओढून बसल्या. "वाईला धरपकड सुरू झाली, तेव्हा हे पेवात उतरले. अकरा दिवस. पेव म्हणजे, मिनू, जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, सांग त्यांना. त्या वर्षी रिकामं होतं म्हणून वाचले. धान्य असतं तर आतल्या हवेने गुदमरले असते. बायको दोरीने भाकरी सोडायची. बाराव्या दिवशी वर आले आणि विचारलं, कोण जिंकलं?"

चंद्रशेखरच्या डोळ्यांसमोरची तलवार हळूहळू भाकरी झाली.

"आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?" पुरुषोत्तम म्हणाला. "मी नऊ वर्षं शोधतोय! म्हणजे मी भूमिगत लिहिलं ते..."

"बरोबरच लिहिलंस. आणि मला कधी विचारलंस? तुझी सगळी पत्रं नाशिकला."

"मुद्दा तो नाही, आई," चंद्रशेखर म्हणाला. "मुद्दा असा की हे लोक अण्णांनाही पाण्यात घालतील. आपल्या अण्णांना!"

"घालतात म्हणजे काय करतात नक्की? त्यांना विचारतात का?"

मृणालिनीने विचारलं. लारूबाई म्हणाल्या, "अर्थात विचारतात. आम्ही इथे पाण्यात उतरतो. पलीकडे त्यांना सांगितलं जातं. ते हो म्हणाले तर झालं, नाही म्हणाले तर नाही. जबरदस्ती केली तर त्याला अर्थ काय?"

आजी थोडा वेळ नऊवारीवरचा कोंडा झटकत राहिल्या.

"म्हणजे अक्षत ठेवून येतात," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चंदू, तुझ्या लग्नाची अक्षत मी पाऊणशे घरी दिली. ज्या घराला कुलूप होतं, तिथे उंबऱ्यावर चार दाणे ठेवून आले. येणारे आले. न येणाऱ्यांनी दाणे चिमण्यांना टाकले असतील. त्यांचं त्यात काय बाटलं? बोलावणं होतं. ही बाईसुद्धा सात वर्षं माझा चहा नको म्हणतेय. मी विचारलं म्हणून तिचं काही बिघडलं का? तिचा नकार बघून माझं बिघडलं?"

"पण अण्णा..."

"ते नाहीच म्हणतील. शेहेचाळीस वर्षं मी विचारलं, भात वाढू? रोज 'नको' म्हणाले." आजी थांबल्या. "म्हणायचे आणि ताट पुढे करायचे, हे मात्र आहे. लारूबाईंना सांग, त्यांना विचाराल तेव्हा तोंडाकडे बघा, हाताकडे बघू नका."

लारूबाईंनी हे ऐकून मान डोलावली, आणि खिशातून पेन्सिल काढून कागदाच्या रुमालावर काहीतरी टिपून घेतलं. चंद्रशेखरला ते पाहून पुन्हा भीती वाटली.

"पत्रात दुसरंही काही होतं ना?" लारूबाई म्हणाल्या. "बायकांबद्दल."

होतं. चंद्रशेखरने तो भाग वाचलाच नव्हता. 'एकाही स्त्रीचा बाप्तिस्मा झालेला दिसत नाही,' असं पत्राच्या शेवटी होतं, 'आणि आठ ठिकाणी पत्नीचं माहेरचं नाव कोरं आहे. ती मिळू शकतील का?'

"नाही मिळत," पुरुषोत्तम म्हणाला. "सगळीकडे शोधलं. उपाध्यायांच्या वहीत नुसतं 'भार्या' लिहिलंय. आठ ठिकाणी आठ भार्या. मुंजी नसल्यामुळे त्यांचा तो रकानाही रिकामा."

लारूबाई उठल्या. "पाच मिनिटं," म्हणाल्या आणि झगा उचलून कुंपणापलीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची डायरी होती. त्यांच्यात रोजनिशी ठेवायची पद्धत असते, आणि लारूबाई पद्धतीला धरून होत्या. त्यांनी एक पान उघडून मृणालिनीला दिलं.

मृणालिनी वाचू लागली. "'सतरा सप्टेंबर एकोणऐंशी. शरयू आणि मी सहा डबे गहू भरला. पहिल्या डब्यात ती एक-एक मूठ टाकते आणि दर मुठीला काहीतरी म्हणते. गेल्या वर्षी म्हणाली होती तेच. मला वाटतं, प्रार्थना आहे. अकरा मुठी. ऐकू आलं तसं लिहून ठेवते.'" ती थांबली. "बाबा, ही लिस्ट आहे. 'गांगा पेटेने. यमू गॉडबोली.' खाली 'उमा बिडी...'"

पुरुषोत्तमचा चेहरा पाहून वसुधाने त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"गंगा पेठे," आजी म्हणाल्या. "विष्णुभटांची बायको. यमू गोडबोले. मग सई दातार, मग भागीरथी, तीही दातारच. उमा भिडे, ती रघुनाथरावांची, भाकरीवाली. असं करत करत माझ्या सासूबाई, मग मी, शरयू आपटे, आणि मग ही, वसुधा केळकर. धान्य भरताना पहिल्या मुठी घरात आलेल्या बायकांच्या. माहेरच्या नावाने. सासूबाईंनी मला पाठ करून घेतलं, लग्न झालं त्याच वर्षी. चुकलं तर पहिल्यापासून."

वसुधा सात वर्षं तळघरात डबे उचलून देत होती. आपलं नाव रोज वर हाका मारायला वापरतात, त्यापलीकडे ते खाली डब्यातही आहे, हे तिला माहीत नव्हतं. तिने तोच कप पुन्हा नवऱ्याच्या हातात दिला आणि सिंककडे वळून नळ सोडला.

"आई," पुरुषोत्तम म्हणाला. "मी चारशे पत्रं लिहिली. तू खाली होतीस. जिन्याच्या बारा पायऱ्या."

"तेरा आहेत. शेवटची मोडलीये, ती दुरुस्त कर."

चंद्रशेखर डायरीवर वाकला होता. त्याने बोटाने यादी पुन्हा मोजली.

"अकराच आहेत. सुमेधाचं नाव नाही."

"या घरच्या डब्यात कसं असेल? तुझ्या बायकोची मूठ तुझ्या घरच्या डब्यात."

"मग चल ना माझ्या घरी! तिथे भर!"

"कशात भरू?" आजी म्हणाल्या. "तुझ्याकडे पाच पौंडाची पिशवी येते. अकरा मुठी घातल्या, तर पिशवी संपेल." मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चंद्रशेखर सेहेचाळीस वर्षांचा होता आणि त्याला लपायला पेव नव्हतं. "चंदू, खरं सांग. पणजोबा बाटले म्हणून मला न्यायला आलास, की मी हवी आहे म्हणून?"

ब्रेकच्या माणसाला बराच वेळ थांबावं लागलं.

"सात वर्षांत अकरा दिवस आलीस," तो शेवटी म्हणाला. "अकरा. मी मोजलेत. दादाकडे तू, लारूबाई, चारशे पौंड गहू, मूळपुरुष. माझ्याकडे काय आहे? बर्फ."

"मग असं बोलावं ना, शहाण्या. बोलावणं करायचं सोडून हा सुटकेस घेऊन धाड टाकायला आला. विचारायचं असतं. मग मी हो म्हणते, नाहीतर नको म्हणते."

"विचारतो. येतेस?"

"नको," आजी म्हणाल्या. चंद्रशेखरचा चेहरा पडला, पण त्याने लहानपणी अण्णांचं जेवण पाहिलं होतं. त्याने आजींच्या हाताकडे पाहिलं. हात त्याच्या मनगटावर होता. "कायमची नको. ही बाई आणि मी हरायच्या राहिलोय. पण मे महिन्यात बर्फ गेला की दोन महिने येईन. तोवर सुमेधाला सांग, चांगला मोठा डबा घे म्हणावं. आणि ती सुटकेस इकडे आण."

दुपारी पुरुषोत्तमने तक्ते पुन्हा लिहिले. बाप्तिस्म्याचा रकाना त्याने कोरा ठेवला. पाच वेळा पेन तिकडे गेलं, पाच वेळा त्याने ते मागे घेतलं, हे मृणालिनीने पाहिलं. मात्र डावीकडे त्याने पट्टी लावून एक नवा रकाना आखला, त्यात मुंजी गेल्या. आणि माहेरच्या नावांच्या आठ जागा भरताना त्याने प्रत्येक नाव आजींकडून दोनदा म्हणवून घेतलं. लारूबाई शेजारी बसून आपल्या डायरीतलं स्पेलिंग सुधारत होत्या. चंद्रशेखर रबर हातात धरून होता. काही खोडायचं निघालं तर, म्हणून.

मग सगळे तळघरात गेले. तेराव्या पायरीवर चंद्रशेखर पडला, पण किरकोळ.

तिसऱ्या दिवशी तो विमानतळावर उभा होता. एकटाच. कपड्यांची सुटकेस हलकी होती. दुसरीत चाळीस पौंडांचा गव्हाचा सीलबंद डबा होता. त्यात आजींच्या दहा मुठी होत्या आणि अकरावी त्याची स्वतःची होती. ती टाकताना त्याने "सुमेधा लिमये" इतक्या मोठ्याने म्हटलं होतं की कुंपणापलीकडून लारूबाईंचा कुत्रा भुंकला. डबा एरंडेलाचा की बर्फाचा, यावर दोघी म्हाताऱ्यांचं एकमत होईना, म्हणून दोन्ही केलं होतं. झाकणावर लारूबाईंच्या अक्षरात होतं: 'दोन हजार चौदापर्यंत उत्तम.'

काउंटरवरच्या बाईने सुटकेस पट्ट्यावर ओढली. ती थबकली. पुन्हा एकदा उचलून पाहिली, आणि तिचा चेहरा उजळला.

"गहू?"

"हो," चंद्रशेखर म्हणाला.

"आईने दिला?"

"हो."

"माझीही देते." तिने प्रेमाने चिठ्ठी अडकवली आणि वर पाहिलं. आपल्या माणसाकडे पाहावं, तसं. "तुमचं घराणं चर्चमध्ये केव्हापासून आहे?"

चंद्रशेखरने तोंड उघडलं. खुलासा करायचा तर विष्णुभटांपासून सुरुवात करावी लागणार होती. मागे रांग होती, विमानाला वीस मिनिटं होती, आणि खोटं लिहायचं नाही हे त्याला पटलं होतं. पण बोलण्याविषयी काहीच ठरलं नव्हतं.

"सतराशे एकतीसपासून," तो म्हणाला.

बाईने त्याला खिडकीजवळची सीट दिली.